'आपण' आणि 'आम्ही' : पाहुणा कामगार, लोकानुनय आणि साहित्यातील तुर्की श्रमिक

१

'पॉप्युलिझम' या संज्ञेसाठी मराठीत 'लोकानुनय' हा प्रतिशब्द आता स्थिरावला आहे. अनुनय म्हणजे मनधरणी. या प्रतिशब्दामागे एक गृहीतक दडलेले आहे. 'लोक' नावाची वस्तू अगोदरपासून सिद्ध आहे आणि राजकारणी केवळ तिची मर्जी सांभाळतो, असे ते गृहीतक होय. प्रत्यक्षात क्रम बहुधा उलटा असतो. लोकांना खूश करण्यापूर्वी 'लोक' कोण आणि कोण नव्हेत, हे ठरवावे लागते. ही निवड हेच लोकानुनयी राजकारणाचे पहिले कार्य आहे, मनधरणी नंतरची.

ही निवड कशी होते हे समजून घेण्यासाठी मराठी भाषकाजवळ एक साधन आहे. प्रथमपुरुषी अनेकवचनासाठी मराठीत दोन सर्वनामे आहेत. 'आपण' म्हणताना बोलणारा ऐकणाऱ्यालाही सामावून घेतो, 'आम्ही' म्हणताना त्याला वगळतो. जर्मनमधील 'वीअर' आणि तुर्कीतील 'बिझ' या सर्वनामांत हा भेद नाही. या भेदाच्या अभावाचा राजकीय उपयोग जर्मनीत झालेला दिसतो. १९८९ च्या शरदात लाइपझिगच्या रस्त्यांवर 'आपण लोक आहोत' ही घोषणा उठली तेव्हा ती सत्तेला उद्देशून होती आणि रस्त्यावरच्या कोणालाही तीत शिरता येत होते. २०१४ पासून ड्रेस्डेन येथे 'पेगिडा' या चळवळीच्या मोर्चांत हीच घोषणा दिली जाऊ लागली. शब्द तेच राहिले, सर्वनाम मात्र बदलले. आता तिचा अर्थ 'आम्हीच लोक आहोत' असा होता आणि तिचा रोख सत्तेइतकाच शेजाऱ्यावरही होता. 'आपण'च्या उच्चारात 'आम्ही'चा आशय भरणे, असे या राजकारणाचे वर्णन करता येईल.

या राजकारणाचा निषेध करणारे पुष्कळ लेखन झाले आहे. तुर्की कामगारांविषयी सहानुभूतीने लिहिलेल्या साहित्याची तर एक परंपराच आहे. प्रस्तुत लेखात मांडावयाचा मुद्दा मात्र थोडा वेगळा आणि कदाचित अप्रिय आहे. ज्या सर्वनामव्यवस्थेच्या आधारे कारखान्यातील भेदभाव चालतो, तीच व्यवस्था सहानुभूतीच्या साहित्यातही अनेकदा अबाधित राहते. लेखक कोणाच्या बाजूचा आहे हे पाहणे आवश्यक आहे, परंतु पुरेसे नाही. संहितेत कामगाराला कोणते सर्वनाम मिळते, हेही समीक्षेने पाहिले पाहिजे.

२

या विषयाची सुरुवातच एका शब्दापासून होते. परदेशातून आणलेल्या श्रमिकांसाठी जर्मनीत पूर्वी 'परका कामगार' या अर्थाचा शब्द होता. नाझी राजवटीतील सक्तीच्या मजुरीमुळे तो कलंकित झाला आणि त्याच्या जागी 'गास्टआर्बाइटर', म्हणजे 'पाहुणा कामगार', हा शब्द रूढ झाला. मराठी कानाला या शब्दाची विसंगती लगेच खटकते. आपल्याकडे पाहुण्याला कामाला लावीत नाहीत, आणि ज्याला कामाला लावले तो पाहुणा राहत नाही. परंतु या शब्दाला आतिथ्याशी कर्तव्य नव्हतेच. पाहुणेपणाचा एकच गुण त्याला हवा होता: पाहुणा परत जातो. ३० ऑक्टोबर १९६१ रोजी पश्चिम जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यात भरतीचा करार झाला. त्यात वास्तव्याला दोन वर्षांची मर्यादा होती आणि कुटुंब आणण्याची तरतूद नव्हती. तयार झालेला कामगार दोन वर्षांनी परत पाठवून नवा शिकवणे कारखानदारांना परवडेना, म्हणून १९६४ मध्ये ही मर्यादा काढण्यात आली. म्हणजे पाहुणेपण अर्थव्यवहारात संपले. शब्दात मात्र ते टिकले, आणि पुढील राजकारणाला ते टिकणेच सोयीचे ठरले. २३ नोव्हेंबर १९७३ रोजी भरती थांबवली गेली, तोपर्यंत आठ लाखांहून अधिक माणसे तुर्कस्तानातून जर्मनीत कामासाठी आली होती.

त्या १९७३ च्या ऑगस्टमधील दोन संप येथे एकमेकांशेजारी ठेवून पाहिले पाहिजेत. कोलोन येथील फोर्डच्या कारखान्यात सुमारे तीनशे तुर्की कामगारांना सुट्टीवरून उशिरा परतल्याबद्दल कामावरून काढण्यात आले. अनातोलियापर्यंतचा प्रवास आणि चार आठवड्यांची रजा यांचा मेळ बसत नाही, ही त्यांची जुनी तक्रार होती. काढलेल्यांचे काम उरलेल्यांवर पडले आणि २४ ऑगस्टला संप सुरू झाला. मागण्या पाहिल्या तर त्यांत 'तुर्की' असे फार थोडे होते: काढलेल्यांना परत घ्या, तासाला एक मार्क वाढवा, पट्ट्याचा वेग कमी करा. पट्ट्याचा वेग जर्मन कामगारालाही तोच होता. परंतु पट्ट्यावरच्या सर्वांत जड आणि सर्वांत कमी मजुरीच्या जागा तुर्कांकडे होत्या. बहुसंख्य जर्मन कामगार संपाबाहेर राहिले, संघटनेने पाठिंबा दिला नाही आणि वृत्तपत्रांनी त्याला 'तुर्कांचा संप' असे नाव दिले. या नावाने अर्धे काम केले. मजुरीची मागणी तिच्या आशयापासून तोडून मागणाऱ्याच्या वंशाला चिकटवली गेली. ३० ऑगस्टला प्रतिमोर्चा आणि पोलीस यांच्या कारवाईत संप मोडला.

त्याच महिन्यात, कोलोनपासून जवळच्या नॉइस येथे, पियरबुर्ग या कार्ब्युरेटर बनविणाऱ्या कारखान्यातील स्त्रियांनी संप केला. त्या बहुतांशी ग्रीस, तुर्कस्तान, स्पेन, युगोस्लाव्हिया अशा देशांतून आलेल्या होत्या. त्यांना 'हलक्या कामा'च्या नावाखाली सर्वांत खालच्या वेतनगटात टाकण्यात आले होते. कामाचा हलकेपणा हा येथे कामाचा गुण नव्हता, करणारीच्या किमतीचे ते नाव होते. या संपात काही दिवसांनी जर्मन कुशल कामगारही उतरले. तो वेतनगट रद्द झाला, मजुरीही वाढली.

दोन्ही ठिकाणी मालक, कामगार आणि काळ यांत फारसा फरक नव्हता. फरक पडला तो एका ठिकाणी 'आपण' तयार झाले आणि दुसऱ्या ठिकाणी 'आम्ही' आणि 'ते' राहिले, यामुळे. 'लोक' ही नैसर्गिक वस्तू नसून ती कामाच्या जागीच घडते किंवा मोडते, याचा याहून स्पष्ट पुरावा शोधण्याची गरज नाही. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये 'डेर श्पीगेल' या उदारमतवादी गणल्या जाणाऱ्या साप्ताहिकाने 'तुर्क येत आहेत, जीव वाचवा' अशा आशयाच्या शीर्षकाखाली मुखपृष्ठकथा छापली होती, हेही लक्षात ठेवावे. लोकानुनयाची भाषा टोकाच्या पक्षांत जन्मते आणि मग मध्यावर पसरते, अशी एक सोयीची समजूत आहे. तुर्की कामगारांच्या बाबतीत ती खरी नाही. ती भाषा मध्यावर, प्रतिष्ठित छापखान्यांत, बरीच आधी तयार होती.

३

आता सहानुभूतीच्या साहित्याकडे वळू. जॉन बर्जर यांचे 'अ सेव्हन्थ मॅन' हे पुस्तक १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील छायाचित्रे झाँ मोर यांची आहेत. जर्मनी आणि ब्रिटन येथील दर सात हातकामगारांपैकी एक परदेशी होता, या वस्तुस्थितीवरून पुस्तकाला नाव मिळाले. त्यातील इस्तंबूलमधील वैद्यकीय तपासणीची छायाचित्रे विसरता येत नाहीत. रांगेत उभी असलेली उघडी शरीरे आणि त्यांवर लिहिलेले आकडे. भांडवलाला माणूस नको होता, श्रमशक्ती हवी होती, हे कोणत्याही प्रबंधापेक्षा ही छायाचित्रे परिणामकारकपणे सांगतात.

परंतु बर्जर यांच्या निवेदनात कामगार हा आरंभापासून अखेरपर्यंत 'तो' आहे. त्याला नाव नाही, एक गाव नाही, एक देशही नाही. तो सर्व स्थलांतरितांचा मिळून एक 'तो' आहे. ही योजना हेतुपूर्वक आहे. व्यवस्थेने त्याला अनाम केले, म्हणून संहितेतही तो अनाम. मात्र अनामिकतेचे दर्शन घडवता घडवता संहिता तीच अनामिकता पुन्हा उत्पन्न करते. मुंबईत जन्मलेले होमी भाभा यांनी आपल्या 'डिसेमिनेशन' या १९९० मधील निबंधात बर्जर यांच्या या कामगाराचे वाचन केले आहे. परक्या भाषेतले थोडे शब्द तो शिकतो, पण ते उच्चारताच त्यांचा अर्थ बदलतो. त्याने कॉफी मागितली, तर समोरच्याला ऐकू येते ते इतकेच, की जिथे मागू नये तिथे याने मागितली. भाभांच्या दृष्टीने या कामगाराचे अपारदर्शक मौन हे राष्ट्राच्या एकसंध कथनात पडलेली भेग आहे.

हे वाचन मार्मिक आहे, यात शंका नाही. तरीही त्यावर एक साधा, कालानुक्रमाचा आक्षेप घेता येतो. बर्जर यांचे पुस्तक निघाले तेव्हा हा तुर्की कामगार मौनात नव्हताच. अरास ओरेन यांचे 'नियाझीला नाउनिनस्ट्रासमध्ये काय हवे आहे' हे दीर्घकाव्य १९७३ मध्येच बर्लिनमध्ये जर्मन भाषेत प्रकाशित झाले होते. भाभांचा निबंध ज्या वर्षी आला, त्याच वर्षी एमिने सेवगी ओझदामार यांचे 'मुटरत्सुंग' प्रसिद्ध झाले. म्हणजे ज्या मौनाचे सिद्धांतन चालू होते, ते बोलणाऱ्याचे मौन नव्हते. ऐकणाऱ्याच्या ग्रंथालयातील ती उणीव होती. सिद्धांताने मौनाला प्रतिष्ठा दिली, की बोलणारा पुन्हा एकदा अनुपस्थित होतो.

ग्युंटर वालराफ यांच्या 'गान्त्स उन्टन', म्हणजे 'अगदी तळाशी', या १९८५ मधील पुस्तकात ही अडचण अधिक तीव्र स्वरूपात समोर येते. वालराफ यांनी काळा टोप आणि गडद रंगाची नेत्रभिंगे लावून 'अली' या नावाने दीर्घकाळ कामे केली. खाद्यगृहात, बांधकामावर, औषधांच्या चाचणीत आणि ड्युइसबुर्ग येथील थिसेनच्या पोलाद कारखान्यात कंत्राटदारामार्फत. संरक्षक साधनांवाचून धुळीत आणि विषारी वायूत करायचे काम, लागोपाठच्या पाळ्या, मधल्या मध्ये कापली जाणारी मजुरी: या सर्वांचे त्यांनी केलेले वर्णन जर्मन समाजाला हादरवणारे ठरले. काही महिन्यांत पुस्तकाच्या वीस लाखांहून अधिक प्रती खपल्या, कंत्राटी कामगारपुरवठ्याच्या चौकशा झाल्या. वाङ्मयीन कारणे पुढे करून या पुस्तकाचे सामाजिक कार्य नाकारणे अन्यायाचे होईल.

तरीही १९८६ मध्येच आयसेल ओझाकिन या तुर्की लेखिकेने 'अली'वर आक्षेप घेतला, आणि तो आजही विचारात घेण्याजोगा आहे. वालराफ यांचा अली भोळा, असहाय, सदैव दयेला पात्र असा आहे. जर्मन वाचकाला ज्या तुर्काची कीव करता येईल, तोच येथे घडवला गेला आहे. त्यात वालराफ यांनीच दिलेली एक कबुली जोडून पाहावी. अलीची भाषा त्यांनी कोणत्याही तुर्काकडून शिकलेली नव्हती. शब्दांची शेवटची अक्षरे गाळून, वाक्यरचना उलटसुलट करून, कित्येकदा तर कोलोनची बोलीच थोडी मोडून ते बोलत असत, आणि कोणालाही संशय आला नाही. या माहितीचा एक अर्थ सर्वांनी घेतला: जर्मन समाज तुर्काकडे इतके कमी लक्ष देतो की सोंगही ओळखत नाही. दुसरा अर्थ मात्र पुस्तकावरच उलटतो. अलीच्या तोंडी जी भाषा आहे ती जर्मन माणसाने कल्पिलेली तुर्काची भाषा आहे. बर्जर यांच्याकडे कामगार 'तो' होता, वालराफ यांच्याकडे तो 'मी' झाला. पण हे 'मी' म्हणणारा दुसराच कोणी आहे. आणि त्याला टोप काढून ठेवता येतो.

४

ज्यांना तो काढून ठेवता येत नाही, त्यांच्या लेखनात काय घडते?

ओरेन १९६९ मध्ये बर्लिनला आले. त्यांचे काव्य तुर्कीत लिहिलेले असले तरी ते प्रथम जर्मन अनुवादात वाचकांपुढे आले. या काव्याची एक योजना लक्षणीय आहे. नाव नियाझीचे असले तरी काव्य केवळ तुर्कांचे नाही. क्रॉइट्सबर्गमधील एका रस्त्यावर फ्राउ कुत्सर ही वृद्ध जर्मन स्त्री राहते, आणि तिच्या आठवणींतून जर्मन कामगारवर्गाचा जुना इतिहास येतो. त्या इतिहासाच्या पुढच्या पानावर नियाझी आणि त्याचे देशबांधव आहेत. जो रस्ता राजकारणाच्या भाषेत 'तुर्कांची वस्ती' झाला होता, तो येथे कामगारांचा रस्ता म्हणून सलग दिसतो. फोर्डचा संप ज्या वर्षी मोडला त्याच वर्षीचे हे काव्य आहे. नॉइसला जे प्रत्यक्षात घडले, ते 'आपण' ओरेन काव्यात घडवू पाहत होते. या काव्यात काही ठिकाणी प्रचाराचा स्वर आहे आणि वर्गैक्यावरचा विश्वास आज भाबडा वाटेल. परंतु तुर्की कामगाराला कीव वा कुतूहल यांचा विषय न करता रस्त्याच्या इतिहासाचा वारस करणे, ही वाङ्मयीन दृष्टी भाबडी नाही.

ओझदामार यांचा मार्ग वेगळा आहे. त्या १९६५ मध्ये बर्लिनला आल्या आणि टेलिफुंकनच्या कारखान्यात त्यांनी काम केले. 'सुवर्णशृंगावरील पूल' या अर्थाच्या शीर्षकाची त्यांची कादंबरी १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या आरंभी रेडिओच्या नळ्या जुळवणाऱ्या स्त्रियांचे वसतिगृह आणि कारखाना आहे. उजव्या डोळ्याला भिंग लावून बारीक तारा वाकवायच्या, असे काम. येथे शोषणाचे वर्णन नाही असे नाही. परंतु कादंबरीचे खरे लक्ष या स्त्रिया जर्मन भाषेचे काय करतात याकडे आहे. वसतिगृहाला जर्मनमध्ये 'वोनहाइम' म्हणतात, त्याचे त्या 'वोनायम' करतात. पर्यवेक्षकाचे नाव शेरिंग. त्याआधी लागणारा 'हेर' त्या नावाला चिकटवता चिकटवता काहींच्या तोंडी ते 'हेर्शर' होते. जर्मनमध्ये 'हेर्शर' म्हणजे शासक. भाषा न येणाऱ्यांच्या चुकीतून कारखान्यातील सत्तासंबंधाचे नेमके नाव बाहेर पडते.

वालराफ यांच्या मोडक्या जर्मनशी याची तुलना केली की फरक स्पष्ट होतो. तेथे मोडकी भाषा ही असहायतेची खूण होती. तिच्यात काही उणे होते, अक्षरे गाळलेली होती. येथे तीच मोडतोड ज्ञान देते, तिच्यात काही अधिक होते. 'मुटरत्सुंग' या शीर्षकातही हेच आहे. जर्मनमध्ये मातृभाषेसाठी वेगळा शब्द आहे. ओझदामार तुर्कीतील 'आनादिली' शब्दशः उतरवतात. तुर्कीत 'दिल' म्हणजे जीभही आणि भाषाही. त्यामुळे जर्मनमध्ये 'मातृजिव्हा' असा नवा, थोडा अवघडलेला शब्द येतो आणि भाषा पुन्हा शरीरात जाते. ज्या शरीरांवर आकडे लिहिले गेले त्याच शरीरांत. १९९१ मध्ये त्यांना इंगेबोर्ग बाखमान पुरस्कार मिळाला आणि २०२२ मध्ये जर्मन साहित्यातील सर्वोच्च मानला जाणारा गेओर्ग ब्युखनर पुरस्कार. 'पाहुण्यांचे साहित्य' या कप्प्यातून बाहेर येण्यास इतकी वर्षे लागली.

या परंपरेत एक नाव असे आहे की ज्याची समीक्षा करताना शब्द जपून वापरावे लागतात. सेमरा एर्तान यांनी १९८१ मध्ये 'माझे नाव परदेशी' या अर्थाच्या शीर्षकाची कविता लिहिली. मे १९८२ मध्ये हॅम्बुर्ग येथे वंशद्वेषाच्या निषेधार्थ त्यांनी स्वतःला जाळून घेतले. त्यांच्या कवितांचा संग्रह जर्मन आणि तुर्की अशा दोन्ही भाषांत प्रकाशित झाला तो २०२० मध्ये. मधल्या अडतीस वर्षांत त्यांचा मृत्यू स्मरणात राहिला, त्यांच्या कविता मात्र वाचकांपासून दूरच राहिल्या. बळी म्हणून स्मरण करणे आणि कवी म्हणून वाचणे यांतील हे अंतर मोठे आहे. सहानुभूती पहिल्यापाशी थांबते.

येथे एका शब्दाची आठवण अस्थानी होणार नाही. तुर्कीत परमुलखातील वास्तव्याला 'गुरबेत' म्हणतात. या अरबी धातूपासूनच आपला 'गरीब' हा शब्द आलेला आहे. मूळ अरबीत त्याचा अर्थ परका असा आहे. मराठीपर्यंत येता येता परक्याचा निर्धन झाला. जर्मनीतील कामगारव्यवस्थेने हा शब्दव्युत्पत्तीचा प्रवास एका पिढीत प्रत्यक्ष करून दाखवला, असे म्हणता येईल.

५

पाहुणा परत गेला नाही, तेव्हा राजकारणाने त्याला त्याच्या पाहुणेपणाची आठवण करून दिली. १९८१ मध्ये काही जर्मन प्राध्यापकांनी 'हायडेलबर्ग जाहीरनामा' काढून परकीयांमुळे जर्मन 'फोल्क' पोखरले जात असल्याचा इशारा दिला. १९८२ मध्ये चॅन्सेलर झालेले हेल्मुट कोल यांनी तुर्कांची संख्या निम्म्यावर आणण्याचा मनोदय मार्गारेट थॅचर यांना खासगीत सांगितला होता, हे २०१३ मध्ये खुल्या झालेल्या ब्रिटिश कागदपत्रांवरून उघड झाले. १९८३ च्या कायद्याने परत जाणाऱ्या बेकार कामगाराला साडेदहा हजार मार्क देऊ केले. २०१७ च्या ऑगस्टमध्ये एएफडी या पक्षाचे नेते अलेक्झांडर गाउलांड यांनी हॅम्बुर्गमध्ये जन्मलेल्या मंत्री आयदान ओझोउझ यांची अनातोलियात 'विल्हेवाट लावण्या'ची भाषा केली. त्यांनी योजलेले क्रियापद जर्मनमध्ये कचऱ्यासाठी वापरतात. पाहुणा या शब्दातील परतीची अट पिढी उलटल्यावरही, जन्मस्थान बदलल्यावरही रद्द होत नाही, हे त्या क्रियापदाने सांगितले. याच पक्षाला फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत २०.८ टक्के मते मिळाली.

व्यासपीठावरील भाषा आणि कामाच्या जागेवरील निवड यांचा संबंध थेट कार्यकारणाचा असतो असे नाही. परंतु दोन्हीकडे वाचली जाते ती एकच गोष्ट, नाव. लिओ कास आणि क्रिस्टियान मांगर या अर्थशास्त्रज्ञांनी विद्यार्थी-उमेदवारीच्या जागांसाठी समान पात्रतेचे अर्ज जर्मन व तुर्की नावांनी पाठवून पाहिले. २०१० मध्ये पुढे आलेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार तुर्की नावाला अनुकूल उत्तर येण्याची शक्यता १४ टक्क्यांनी कमी होती, लहान कंपन्यांत २४ टक्क्यांनी. डोरिस वाइक्सेलबाउमर यांच्या २०१६ मधील अभ्यासात जर्मन नावाच्या स्त्रीला १८.८ टक्के अर्जांवर मुलाखतीचे बोलावणे आले, तुर्की नावाच्या स्त्रीला १३.५ टक्के, आणि त्याच तुर्की नावाच्या छायाचित्रात डोक्यावर रुमाल असेल तर ४.२ टक्के. भेदभावविरोधी कायदा २००६ पासून अस्तित्वात आहे. परंतु कायदा कृतीला पकडतो. अर्ज बाजूला ठेवणाऱ्या हाताच्या वाचनाला पकडणे त्याला अवघड जाते. वाचनाची ही सवय हा साहित्याचा आणि समीक्षेचाही प्रांत आहे.

बर्लिनच्या संसदभवनावर १९१६ पासून 'जर्मन लोकांस' अशी अर्पणाक्षरे आहेत. तेथे 'लोक' या अर्थी 'फोल्क' हा शब्द आहे. २००० मध्ये हान्स हाके या कलावंताने त्याच इमारतीच्या अंगणात त्याच वळणाच्या अक्षरांत 'रहिवाशांस' असे शब्द मांडले. 'फोल्क'ऐवजी 'बेफोल्करुंग', म्हणजे येथे राहणारे सर्व. या कलाकृतीवर संसदेत वादळी चर्चा झाली आणि ती २६० विरुद्ध २५८ मतांनी संमत झाली. 'आम्ही'चे 'आपण' करण्यासाठी दोन मतांचे आधिक्य पुरले, आणि दोनच मतांचे होते.

यावरून समीक्षेसाठी एक निकष निघतो. श्रमिक स्थलांतरिताविषयीची संहिता वाचताना तिची करुणा मोजू नये. ती कामगाराला 'तो' म्हणते की त्याच्या वतीने 'मी' म्हणते, त्याची भाषा गाळलेल्या अक्षरांची आहे की नवे अर्थ देणाऱ्या अक्षरांची, आणि तिच्या 'आपण'मध्ये तो ऐकणारा म्हणून उपस्थित आहे की केवळ विषय म्हणून, हे पाहावे. बर्जर आणि वालराफ यांचे महत्त्व यामुळे कमी होत नाही; त्यांनी दार वाजवले. पण आतून ओरेन, ओझदामार आणि एर्तान अगोदरच बोलत होते. त्यांचे बोलणे ऐकू न येणे ही त्यांच्या भाषेची उणीव नव्हती.